समुद्रतळावरील पाइपलाइन
समुद्रातील विहिरींचे तेल व नैसर्गिक वायू किनाऱ्यापर्यंत नेणारी पोलादी वाहिनी. तिच्या आराखड्यात सगळे वजनापाशी येऊन थांबते. लाटा-प्रवाहांनी हलू नये इतकी ती जड हवी, तरी टाकताना जहाजाला पेलवली पाहिजे.

1 मीटर व्यासाच्या आणि 25 मिमी जाडीच्या पाइपाचे वजन दर मीटरला सुमारे 600 किलो भरते. तेवढा पाइप सुमारे 800 किलो समुद्राचे पाणी बाजूला सारतो. म्हणजे आत वायू असलेला हा पोलादी पाइप चक्क तरंगेल! म्हणून गंजरोधक लेपावर काँक्रीटचे जाड आवरण चढवतात. खोल पाण्यात चिंता वेगळी. दर 10 मीटरला सुमारे 1 बार (साधारण हवेच्या दाबाइतका) दाब वाढतो. 2000 मीटरवर रिकामा पाइप चेपण्याची भीती असते. एका जागी तो चेपला की चपटेपणा पाइपभर धावत सुटतो. तो अडवण्यासाठी ठरावीक अंतरावर जाड पोलादी कडी बसवतात.

पाइप टाकणाऱ्या जहाजावर साधारण 12 मीटरचे तुकडे एकामागून एक वेल्ड होतात. प्रत्येक जोड अल्ट्रासाउंडने तपासतात, त्यावर लेप देतात आणि जहाज एक पाइपभर पुढे सरकते. मागच्या उतरत्या सांगाड्यावरून पाइप इंग्रजी ‘एस’च्या आकारात खाली जातो. तो जिथे तळाला टेकतो तिथला बाक सर्वांत नाजूक. जहाजावरची ताण-यंत्रे पाइप घट्ट धरून ठेवतात ती यासाठीच. फार खोल पाण्यात पाइप जवळजवळ उभा सोडतात. लहान व्यासाचा पाइप किनाऱ्यावरच जोडून रिळावर गुंडाळता येतो. 1944 मध्ये इंग्लिश खाडीत इंधनवाहिनी तरंगत्या महाकाय रिळांवरून टाकली होती. काळ्या समुद्रातील रशिया-तुर्कस्तान ‘ब्लू स्ट्रीम’ सुमारे 2150 मीटर खोलीपर्यंत उतरते.

मार्ग निवडताना ध्वनिलहरींनी वेध घेणाऱ्या ‘सोनार’ यंत्राने तळ पाहतात. दोन उंचवट्यांमध्ये पाइप अधांतरी राहिला, तर प्रवाहातील भोवऱ्यांनी तो सतत थरथरतो आणि जोड थकतात. गरम तेलाने पाइप लांबतो व नागमोडी वळतो. हे टाळण्यापेक्षा तो कुठे वळावा हे आधीच ठरवून देणे शहाणपणाचे. गंजापासून रक्षणासाठी ॲल्युमिनियम मिश्रधातूची कडी बसवतात. पोलादाऐवजी तीच झिजतात.

शेवटी पाइपात पाणी भरून दाबाची चाचणी घेतात. वायुवाहिनीतून ते पाणी काढून ती पूर्ण कोरडी करावी लागते. उरलेले पाणी आणि वायू मिळून थंड तळाशी बर्फासारखा हायड्रेट बनतो आणि वाहिनी तुंबते.