हॉट सीटसमोरची खुर्ची: करोडपतीचे होस्ट आणि फॉरमॅट कसे बदलत गेले

केबीसीचा नवीन सीझन यायचा म्हटलं की एक चर्चा हमखास निघते, अमिताभनंतर कोण? आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर निघते, संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या काकांमध्ये निघते, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतं की शाहरुखने एकदा केलं होतं, ते काही चाललं नाही, आणि विषय तिथेच संपतो. मला ते दरवेळी खटकतं. कारण या शोचा मागचा पंचवीस वर्षांचा प्रवास बघितला तर होस्ट बदलणं आणि खेळाचे नियम बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या मराठी करोडपतीने तर तीन वेळा होस्ट बदलला, त्याबद्दल कोणी बोलतच नाही. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

सुरुवात जरा मागून करावी लागेल. टीव्हीवर क्विझ ही आपल्याकडे आधी हुशार मुलांची गोष्ट होती. रेडिओवर अमीन सायानींची बोर्नव्हिटा क्विझ, मग १९८५ ला दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा क्विझ टाइम, त्यात कॉलेजच्या टीम यायच्या, पुढे नव्वदच्या दशकात डेरेक ओब्रायन बोर्नव्हिटा टीव्हीवर घेऊन आले. हे सगळं इंग्रजीत, आणि बघणाऱ्याने फक्त कौतुक करायचं. आपण त्या खुर्चीत बसू असं ठाण्यातल्या चाळीत राहणाऱ्या माणसाला कधी वाटलं नसेल.

३ जुलै २००० ला रात्री नऊ वाजता स्टार प्लसवर कौन बनेगा करोड़पति सुरू झालं आणि हे चित्र बदललं. मूळ शो ब्रिटिश, आयटीव्हीवर सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झालेला, होस्ट ख्रिस टॅरंट. आपल्याकडे आधी नाव ठरलं होतं कौन बनेगा लखपति, बक्षीस एक लाख, पण रुपर्ट मर्डॉकने रक्कम वाढवायला सांगितली आणि लाखाचे एक कोटी झाले. अमिताभ तेव्हा आपल्या एबीसीएल कंपनीच्या कर्जात अडकलेले, सिनेमे पडत होते, आणि मोठ्या पडद्यावरच्या माणसाने टीव्हीवर यावं का यावर घरातल्यांपासून सगळ्यांनाच शंका होती. स्टारच्या समीर नायर यांनी त्यांना लंडनला नेऊन मूळ शोचं शूटिंग दाखवलं, मग ते तयार झाले. आणि आपल्याकडे तो बनवला कोणी, तर त्याच क्विझ टाइमवाल्या सिद्धार्थ बसूंनी. म्हणजे प्रश्न काढणारा माणूस जुन्याच परंपरेतला होता, बदलला तो समोर बसणारा.

तेव्हाचं गणित आठवतं का, पंधरा प्रश्न, हजारापासून सुरुवात, दहा हजाराला पहिला पडाव, म्हणजे पुढे चुकलं तरी तेवढे हातात, तीन लाख वीस हजाराला दुसरा. लाइफलाइन, म्हणजे अडलं की घ्यायची मदत, तीनच, फिफ्टी फिफ्टी, फोन अ फ्रेंड, ऑडियन्स पोल. घड्याळ नाही. माणूस विचार करत बसायचा आणि आपणही त्याच्याबरोबर बसायचो. आमच्याकडे बाबांनी दोनशे पानी वही केली होती, डावीकडे प्रश्न, उजवीकडे बरोबर उत्तर, आणि आपलं स्वतःचं चुकलं असेल तर समासात लाल पेनाने छोटी फुली. आई मटार सोलत बसायची आणि बाबांच्या आधी उत्तर द्यायची, तिचं चुकलं तरी वहीत फुली नाही, असा नियम तिनेच केला होता. लँडलाइन आमच्याकडे नव्हती, शेजारच्या काकूंकडे होती, तर आमच्या मजल्यावरचे तीन घरातले लोक पाळीपाळीने तिथे जाऊन शोसाठी नाव नोंदवायला नंबर फिरवायचे आणि लाइन कायम एंगेज.

आणि मग ऑक्टोबर २००० मध्ये हर्षवर्धन नवाथे. मराठी मुलगा, मुंबईचा, यूपीएससीचा अभ्यास करणारा, सत्तावीस वर्षांचा. शेवटचा प्रश्न असा होता की संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी घटना यांपैकी कोणाला देते, उत्तर अ‍ॅटर्नी जनरल. हे आजही आमच्या घरात कोणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगतील. एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, ब्रिटनमध्ये, जिथे हा खेळ जन्मला, तिथे पहिलं दहा लाख पौंडाचं बक्षीस ज्युडिथ केपल यांना त्यानंतर, नोव्हेंबर २००० मध्ये मिळालं. आपला करोडपती त्यांच्या आधी झाला. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशिक्षण संस्था १९८७ पासून स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेत होती, पण आमच्या आळीतल्या पोरांना यूपीएससी म्हणजे नक्की काय हे नवाथेमुळे कळलं, हे मी स्वतः बघितलंय.

या यशावर बाकीची चॅनलं धावत आली, झीने सवाल दस करोड़ का आणलं अनुपम खेर आणि मनीषा कोइरालाला घेऊन, सोनीने गोविंदाला घेऊन जीतो छप्पर फाड़ के. झीने पैसे दहापट वाढवले तरी लोक आले नाहीत. तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं की बक्षिसाचा आकडा हे या खेळाचं कारण नाही.

२००५ ला दुसरा सीझन, बक्षीस दोन कोटी, पण अमिताभ आजारी पडले आणि जानेवारी २००६ मध्ये तो अर्धवट थांबला. मग २२ जानेवारी २००७ ला शाहरुख आला. मला त्याच्यावर अन्याय झाला असं मनापासून वाटतं. तो हजरजबाबी होता, मोकळा होता, स्पर्धकांना मिठी मारायचा, उगाच दुसऱ्या कोणाची नक्कल करत बसला नाही. अडचण वेगळी होती. अमिताभसमोर बसलेला माणूस थोड्या वेळाने स्वतःबद्दल बोलायला लागायचा, गाव, आईवडील, कर्ज, बहिणीचं लग्न, आणि ते सावकाश ऐकत राहायचे, मध्येच आपण म्हणून संबोधायचे, पाण्याचा ग्लास पुढे करायचे. शाहरुखसमोर बसलेला माणूस शाहरुखला भेटायला आल्यासारखा वागायचा. बघणाऱ्याची नजर एकाकडून दुसऱ्याकडे सरकली, नियम जवळपास तेच असूनही खेळ बदलला. एका सीझनवर ते थांबलं आणि मधे तीन वर्षं काहीच नाही.

११ ऑक्टोबर २०१०, म्हणजे अमिताभच्या वाढदिवसाला, शो सोनीवर परत आला, आणि या वेळी माणूस जुना पण खेळ नवा. प्रश्न तेरा झाले, बाराव्याला एक कोटी आणि तेराव्याला पाच कोटींचा जॅकपॉट. डबल डिप आलं, म्हणजे एका प्रश्नाला दोनदा उत्तर द्यायची मुभा, सल्ला द्यायला एक्स्पर्ट आले. आणि सगळ्यात मोठं म्हणजे घड्याळ आलं. याचं कारण साधं आहे, मधल्या काळात घराघरात इंटरनेट पोचलं होतं. अमेरिकेत २००८ ला घड्याळ आणलं आणि जानेवारी २०१० मध्ये तर फोन अ फ्रेंड काढूनच टाकला, कारण पलीकडचा मित्र आठवत नव्हता, कीबोर्डवर शोधत होता. आपल्याकडे फोन राहिला, पुढे त्याचा व्हिडिओ कॉल झाला म्हणजे मित्राचे हात आणि डोळे दिसतील. अमिताभने त्या घड्याळालाही नाव देऊन टाकलं, टिकटिकी काय, सुईमुई काय, आणि जी गोष्ट लोकांना धाक वाटली असती ती घरातली झाली. होस्टचं काम हे असं असतं, नियम कागदावर कोणीही बदलेल, तो बदल बघणाऱ्याच्या गळी उतरवायचा कोणी.

पुढच्या वर्षी, २०११ ला, मोतिहारीचा सुशील कुमार पाच कोटी जिंकला, मनरेगामध्ये कॉम्प्युटरवर काम करणारा, पगार सहा हजाराच्या आसपास. त्या सीझनचं घोषवाक्यच होतं की कोणताही माणूस छोटा नसतो. इथून शो जाणूनबुजून लहान गावांकडे वळला. नंतरचे फॉरमॅटमधले बदल मी पटापट सांगतो कारण त्यात विशेष नाही: बक्षीस सात कोटी झालं, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला साडेसात झालं आणि पंचाहत्तर लाखांचा एक नवीन पडाव आला, नोंदणी फोनवरून एसएमएसवर आणि तिथून अ‍ॅपवर गेली. एक बदल मात्र लक्षात राहिलाय, २०२० चा. कोविडमुळे स्टुडिओत प्रेक्षकच नाहीत, म्हणून ऑडियन्स पोल ही पहिल्या दिवसापासूनची लाइफलाइन काढावी लागली. मागे रिकाम्या खुर्च्या आणि समोर मास्क उतरवून बसलेला माणूस. ते बघताना आमच्याकडे कोणी उत्तरं ओरडून देत नव्हतं.

आता मराठीकडे. ई टीव्ही मराठीवर २०१३ ला कोण होईल मराठी करोडपती सुरू झालं, होस्ट सचिन खेडेकर. पुढे त्या चॅनलचं कलर्स मराठी झालं आणि २०१६ ला खुर्चीत स्वप्नील जोशी आला. मग शो सोनी मराठीकडे गेला, नाव झालं कोण होणार करोडपती, आणि २०१९ ला होस्ट म्हणून नागराज मंजुळे. २०२१ ला परत खेडेकर, २०२२ आणि २०२३ लाही तेच. हिंदीत इतक्या वर्षांत एकदाच खरा बदल झाला, आपल्याकडे दहा वर्षांत तीनदा.

बाकीच्या भाषांतही हे झालंय. तमिळमध्ये सूर्या, मग प्रकाश राज, मग अरविंद स्वामी. तेलुगूत नागार्जुन, चिरंजीवी, ज्युनियर एनटीआर. कन्नडमध्ये पुनीत राजकुमार आणि नंतर रमेश अरविंद. म्हणजे हिंदीत एकच माणूस इतकी वर्षं बसला हा अपवाद आहे, नियम नाही. पण या यादीत बघा, जवळपास सगळे हिरो. सोनी मराठीने २०१९ ला एका दिग्दर्शकाला बसवलं, करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या माणसाला, ज्याची भाषा पुण्याची नाही. माझ्या मते या फ्रँचायझीत कोणी केलेला हा सगळ्यात धाडसी बदल होता. खेडेकरांचा आवाज नाटकातला, उच्चार स्वच्छ, वाक्य पूर्ण करणारे, त्यांच्यासमोर माणूस नीट सावरून बसतो. नागराजसमोर लोक आपल्या बोलीत बोलायला लागले. शिक्षिका, शेतकरी, हवालदार, काय म्हणायचंय ते अडखळत सांगायचे आणि तो मधे न बोलता बघत राहायचा, ती शांतता टीव्हीवर चालते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

त्याच वर्षी हिंदीतही मराठी माणसं दिसली. समाजकार्य करणाऱ्यांसाठीच्या कर्मवीर या खास एपिसोडला सिंधुताई सपकाळ आल्या, अमिताभ त्यांच्या पाया पडले. आणि अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, महिन्याला दीड हजार मिळवणाऱ्या, एक कोटी जिंकल्या. आमच्या आईने तो एपिसोड उभ्याने बघितला.

आईने आयुष्यात कधी हिंदी शोसाठी प्रयत्न केला नाही. २००० मध्ये काकूंच्या फोनवरून नंबर फिरवायला ती कधीच गेली नाही, बाबाच जायचे. २०१९ ला मात्र तिने मराठी करोडपतीला मिस्ड कॉल दिला, मला न सांगता, आणि नंतर कळल्यावर मी विचारलं की आत्ताच का, तर म्हणाली, "अरे, हा माणूस माझं ऐकून घेईल असं वाटतं." काही झालं नाही, निवड झाली नाही. २०२१ ला खेडेकर परत आले तेव्हा तिने पुन्हा मिस्ड कॉल दिला. या वेळचं कारण वेगळं होतं. "त्यांच्यासमोर बसले ना, तर माझं बोलणं नीट होईल."