कस्तुरबा म्हणजे गांधींची नुसती सावली? अजिबात नाही

बा फक्त नवऱ्याच्या मागे मागे गेल्या, स्वतःचं असं काही काम नव्हतं, हे इतकी वर्षं फिरतंय की लोकांना खरंच वाटायला लागलंय. अहो, 1913 मध्ये दक्षिण आफ्रिकेत कोर्टाने ख्रिश्चन पद्धतीने न झालेली लग्नं कायद्याने धरायचीच नाहीत असा निकाल दिला, तेव्हा बा सत्याग्रहात उतरल्या, पकडल्या गेल्या आणि 3 महिने सक्तमजुरी भोगून आल्या, तब्येतीची पार वाट लागली तरी! चंपारणमध्ये गावोगाव बायकांशी बोलून स्वच्छतेचं काम केलं. 1939 ला राजकोट संस्थानातल्या प्रजेच्या हक्कांच्या लढ्यात तर त्या गांधींच्या आधी जाऊन अटकेत बसल्या, गांधी नंतर पोचले, मग कोण कोणाच्या मागे गेलं सांगा.

आणि आपल्या मुंबईतलंच बघा ना. 9 ऑगस्ट 1942 ला पहाटे गांधींना अटक झाली, संध्याकाळी शिवाजी पार्कला सभा होती, बा म्हणाल्या मी बोलणार. सरकारने त्यांना सभेला पोचूच दिलं नाही, आधीच उचललं. ज्या बाईच्या एका भाषणाची ब्रिटिशांना धास्ती, तिला सावली कसं म्हणायचं? पुढे पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच 22 फेब्रुवारी 1944 ला त्या गेल्या, समाधीही तिथेच आहे.