एक दिवसाआड येणारा ताप आणि मनगटातला दोरा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा वॉचमन मूळचा गडचिरोलीकडचा. मागच्या पावसाळ्यात गावी जाऊन आला, तो मनगटात काळा दोरा बांधूनच. "लय थंडी वाजून ताप येत होता जी, एक दिवसाआड. पुजाऱ्यानं दोरा बांधला, दुसऱ्या दिवशी गायब." मी विचारलं, "आणि तिसऱ्या दिवशी?" तो जरा घुटमळला. "तिसऱ्या दिवशी आला ना. मग डॉक्टरकडून सुई घेतली. पुन्हा गायब."

हा किस्सा सोसायटीच्या ग्रुपवर सांगितला तर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. याच ग्रुपवर दर ऑगस्टमध्ये डेंगीवर पपईच्या पानांचा रस फिरतो. 'चार दिवसांत प्लेटलेट वाढल्या' म्हणे. डेंगीतून बरं होताना त्या बहुतेकांच्या आपोआपच वाढतात, रस प्या नाहीतर पिऊ नका. तेव्हा दोऱ्याला हसण्याचा हक्क आपल्याला फारसा नाही.

शिवाय वॉचमनचं निरीक्षण चोख आहे. त्याचा ताप म्हणजे हिवताप, मलेरिया. जुन्या मराठीत या तापाला एकांतरा म्हणतात, आयुर्वेदात तृतीयक. तापाचा दिवस पहिला धरला तर पुढचा ताप तिसऱ्या दिवशी, म्हणून तृतीयक. सूक्ष्मदर्शक यायच्या कितीतरी आधी लोकांनी हे वेळापत्रक टिपून ठेवलं होतं. ते कोण पाळतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

पाळतो तो प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स, एकपेशीय परजीवी. ॲनाफिलीस डासाची मादी चावते तेव्हा तो तिच्या लाळेतून शरीरात शिरतो आणि थोड्याच वेळात यकृत गाठतो. तिथे आठवडाभर गुपचूप वाढून एकाचे हजारो होतात. तोवर आपल्याला काहीच जाणवत नाही. मग ही फौज रक्तात उतरते आणि एकेक जण एकेका तांबड्या पेशीत घुसतो. आत गेल्यावर हिमोग्लोबिन खायचं आणि वाढायचं, एवढंच काम. पण हिमोग्लोबिन पचवताना उरणारा लोहयुक्त 'हीम' त्याच्यासाठीच विष असतो. म्हणून तो त्याचे तपकिरी-काळे स्फटिक करून बाजूला टाकतो. त्यांना हिमोझोइन म्हणतात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी ओळखता आला तो याच काळ्या कणांमुळे. एका जिवाच्या उकिरड्यावरून रॉस नोबेलपर्यंत पोचले!

साधारण ४८ तासांत एकाचे डझन-दोन डझन होतात आणि पेशी फुटते. एक पेशी फुटली तर कुणाला पत्ता लागणार नाही. पण सुरुवातीचे काही विस्कळीत दिवस गेले की सगळे परजीवी एका तालावर येतात आणि कोट्यवधी पेशी जवळजवळ एकाच वेळी फुटतात. हिमोझोइन आणि इतर कचरा रक्तात सांडतो, पांढऱ्या पेशी खवळून रसायनं सोडतात, ती मेंदूतल्या थर्मोस्टॅटचा काटा ३७ वरून ४० अंशांवर सरकवतात. आता ३७ अंशांचं शरीर मेंदूला गार वाटू लागतं! म्हणून भर मे महिन्यात दोन गोधड्यांखाली दातावर दात आपटतात. कुडकुडून स्नायू उष्णता तयार करतात आणि मग अंग भट्टीसारखं तापतं. आधी हिव, मग ताप. 'हिवताप' या शब्दात क्रमसुद्धा बरोबर आहे. काही तासांनी काटा खाली येतो, दरदरून घाम सुटतो आणि माणूस उठून भाकरी खातो. ताप आणि पेशी फुटणं यांची ही सांगड इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्जी यांनी १८८६च्या सुमारास दाखवली. परजीवीला ताल कोण देतं, हे कोडं मात्र पुढे शंभरावर वर्षं रेंगाळलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून त्याच्या आतच एक घड्याळ असावं असं दिसलं.

आता दोऱ्याकडे. पुजाऱ्याकडे माणूस कधी जातो? ताप चढलेला असतो तेव्हा. म्हणजे दुसरा दिवस कोरडा जाणार हे परजीवीनं आधीच ठरवलेलं. दोरा बांधा, अंगारा लावा, सुई टोचा, सलाइन लावा, श्रेय बांधणाऱ्याचं नाहीतर टोचणाऱ्याचं.

खरा घोळ फाल्सिपॅरमचा, म्हणजे हिवतापाच्याच दुसऱ्या परजीवीचा. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तोही भरपूर आहे. तो तालाचा पक्का नसतो, त्यामुळे 'एक दिवसाआड येत नाही, म्हणजे हिवताप नाही' असा समज घात करतो. त्यानं ग्रासलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. मेंदूत असं झालं की बरळणं, झटके, बेशुद्धी. तापाला दवाखाना चालतो, पण झटके आले की ते 'बाहेरचं' ठरतं. टांझानियात लहान मुलांच्या अशा झटक्यांना देगेदेगे म्हणतात आणि अनेक घरांत तो वेगळाच, भुताखेतांचा आजार मानला जातो. दोन्हीकडे आजाराची फाळणी नेमकी तिथे होते जिथे तास-तास मोलाचा असतो. आशाताईंच्या पिशवीतलं किट बोटाच्या थेंबभर रक्तावर वीसेक मिनिटांत निदान करतं, तेव्हा ताल मोजत बसायची गरजच उरत नाही.

व्हायव्हॅक्सची शेवटची खोडी अशी की त्याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात, आठवडे किंवा महिने. तीन दिवसांच्या क्लोरोक्विननं रक्त साफ होतं, झोपलेल्यांना धक्काही लागत नाही. त्यांच्यासाठी चौदा दिवस प्रायमाक्विन. (ही गोळी डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपणात चालत नाही आणि जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असेल तर तांबड्या पेशी फोडते.) तब्येत ठणठणीत असताना चौदा दिवस गोळी खा, हे कुणालाही पटवणं अवघड. तीन महिन्यांनी ताप उलटला की 'दोरा जुना झाला'.

वॉचमनलाही पुण्यात परत ताप आलाच. तपासणीत व्हायव्हॅक्स निघाला. सहाव्या दिवशी गोळ्यांचं विचारलं तर म्हणाला, "आता ताप कुठं आहे जी?" मग त्याला यकृतात झोपलेल्यांची गोष्ट सांगितली. ती पटली असावी, कारण झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाची पारख त्याला माझ्यापेक्षा जास्त. व्हिजिटर रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्यानं चौदा चौकोन आखलेत. काल नववा भरला. दोरा अजून मनगटात आहे, मी तो काढायला सांगितलेला नाही.