सभागृहातील पाइप ऑर्गनची निगा : व्यवस्थापक, कर्मचारी आणि वादकांसाठी माहितीपत्रक

आपल्या सभागृहातील पाइप ऑर्गनची देखभाल आपण आमच्याकडे सोपवली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. आमचे कारागीर वर्षातून मोजक्या वेळा येतात. उरलेले सर्व दिवस हे वाद्य आपल्याच हाती असते. आजवरच्या कामात आम्हाला एक गोष्ट सतत दिसत आली आहे : पाइप ऑर्गन वाजवल्यामुळे क्वचितच बिघडतो, तो बिघडतो भोवतालच्या हवेमुळे. म्हणून या पत्रकातील बराचसा मजकूर हवेविषयी आहे.

‘ऑर्गन’ म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर पायपेटी येते, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाइप ऑर्गनमध्ये विजेवर चालणारा ब्लोअर भात्यात हवा भरतो, भात्यावरील वजने किंवा स्प्रिंगा तिचा दाब स्थिर ठेवतात, आणि वादकाने पट्टी दाबली की वायुपेटीतील (नळ्या ज्या पेटीवर उभ्या असतात तिच्यातील) झडप उघडून ती हवा नळीत शिरते. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीवर मोजतात आणि अनेक वाद्यांत तो १०० मिलिमीटरच्या आसपासच असतो. एवढ्या हलक्या हवेवर हजारो नळ्या बोलत असल्यामुळे वायुपेटीच्या फळीला केसाएवढी चीर पडली, तरी हवा नको त्या नळीत पोहोचते.

तापमान

नळ्या दोन जातीच्या असतात. फ्लू नळ्यांत बासरीसारखा हवेचा स्तंभ कंप पावतो, तर रीड नळ्यांत पितळेची पातळ जीभ कंप पावते. हवा तापली की तिच्यातील ध्वनीचा वेग वाढतो आणि फ्लू नळ्यांचा सूर दर अंश सेल्सिअसला सुमारे ३ सेंटने चढतो (एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात). रीडचा सूर मात्र जवळपास होता तेथेच राहतो. म्हणजे १५ अंशांवर जुळवलेले वाद्य २५ अंशांवर वाजवले, तर या दोन जातींमध्ये सुमारे ३० सेंटचे अंतर पडते, आणि ते कोणत्याही श्रोत्याच्या कानाला खुपते. यात वाद्याचा दोष नसतो.

म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे की, ट्यूनिंगच्या दिवशी सभागृह कार्यक्रमाच्या वेळी असते त्याच तापमानाला, आम्ही येण्यापूर्वी निदान काही तास तरी आणून ठेवावे. वीज वाचवण्यासाठी रिकाम्या, थंड सभागृहात करून घेतलेले ट्यूनिंग वाया जाते. नळीला नुसता हात लागला तरी ती तापून सूर चढतो. आमचा कारागीर नळी जुळवली की लगेच हात मागे घेतो आणि ती निवेपर्यंत थांबून मगच पट्टीवर बसलेल्या साथीदाराला ‘पुढची’ म्हणतो, ते याचसाठी. कामाला वेळ का लागतो, याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण म्हणजे त्या वेळी सभागृहात पूर्ण शांतता लागते. व्हॅक्यूम क्लीनर किंवा ध्वनियंत्रणेची चाचणी चालू असताना दोन सुरांमधले बारीक हेलकावे ऐकू येत नाहीत.

आर्द्रता आणि धूळ

सापेक्ष आर्द्रता शक्यतो ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अचानक बदलू देऊ नये. फार कोरड्या हवेत लाकूड आकसते, सांधे उघडतात आणि भात्याचे कातडे कडक होऊन भेगाळते; फार दमट हवेत पट्ट्या फुगून अडकतात आणि बुरशी धरते. वाद्याच्या आत एक आर्द्रतामापक ठेवून त्याची नोंद ठेवावी, कारण रंगमंचावरील आकडा आतल्या हवेविषयी फारसे सांगत नाही.

ब्लोअर ज्या खोलीतून हवा घेतो, ती खोली हे वाद्याचे नाक आहे. एका सभागृहात त्या खोलीत रंगाचे डबे आणि सिमेंटची फुटकी पोती ठेवलेली आम्हाला आढळली होती. ती पांढरी धूळ भात्यातून थेट रीडच्या जिभांपर्यंत गेली होती आणि कित्येक नळ्या मुक्या झाल्या होत्या. कृपया ती खोली कोठारासारखी वापरू नये. इमारतीत रंगकाम वा तोडफोड निघणार असेल, तर आम्हाला आधी कळवावे. आम्ही वाद्य झाकून देऊ, आणि काम संपेपर्यंत ब्लोअर अजिबात सुरू करू नये. २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला आग लागली, तेव्हा तेथील मोठा ऑर्गन जळाला नाही. तरीही त्यावर बसलेल्या शिशाच्या धुळीमुळे सुमारे ८,००० नळ्या उतरवून स्वच्छ कराव्या लागल्या आणि तो पुन्हा वाजायला डिसेंबर २०२४ उजाडला.

नव्या लाकूडकामाबाबतही सावध राहावे. ओकसारख्या काही लाकडांतून आणि काही रंगांतून बाहेर पडणारी ॲसिटिक आम्लाची वाफ नळ्यांमधील शिसे खाते.

सूर अडकला तर

पट्टी सोडल्यावरही एखादा सूर वाजतच राहिला, तर घाबरू नये. तीच पट्टी काही वेळा झटक्याने दाबून सोडावी. झडपेखाली अडकलेला कण बहुधा त्याने निघून जातो. न निघाल्यास तो स्टॉप (नळ्यांचा एकेक संच चालू-बंद करणारी खुंटी) बंद ठेवून वादन चालू ठेवता येते. आत शिरून नळी उपटण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये, कारण नळ्यांचा धातू बोटाच्या दाबानेही चेपतो. स्टॉपचे नाव, पट्टी, तारीख आणि तापमान कन्सोलजवळच्या (वादक जेथे बसून वाजवतो तेथील) वहीत लिहावे. ‘काहीतरी बेसूर वाटते’ एवढ्यावरून दोष शोधण्यात आमचा अर्धा दिवस जातो. नेमकी नोंद असेल तर आम्ही थेट त्या नळीपाशी जातो.

वाद्य बंद पडून राहू देऊ नये. कार्यक्रम नसले तरी आठवड्यातून एकदा कोणी जाणत्या वादकाने सर्व स्टॉप आणि पायपट्ट्याही वाजवाव्यात.

मोठ्या दुरुस्तीची तरतूद

भात्यांचे कातडे आणि झडपांवरील नमदा काही दशकांनी बदलावाच लागतो, तेव्हा वाद्य कित्येक महिने बंद राहते. हा खर्च अचानक समोर येऊ नये म्हणून दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवावी. अनेक सभागृहांत रसिकांना एकेक नळी ‘दत्तक’ देऊन निधी उभारला जातो आणि आम्हाला ही पद्धत मनापासून आवडते. मात्र जमा झालेली रक्कम केवळ दर्शनी नळ्यांना चकाकी आणण्यावर खर्च करू नये. आधी भाते, मग वायुपेट्या आणि दर्शनी भाग शेवटी, असा आमचा सल्ला आहे. आपल्या वाद्याची आतून पाहणी करून हा क्रम आम्ही लेखी देऊ. त्यासाठी वाद्य अर्धा दिवस मोकळे ठेवून आम्हाला आगाऊ कळवावे.