व्याज की वाटा? नागपुरातला जुना पेच

नागपुरात नवा धंदा काढणाऱ्या पोराला घरचं मोठं माणूस आजही पहिल्यांदा विचारतं, "पैसा कोण देऊन राह्यला, अन् व्याज किती?" कंपनीतल्या वाट्याचं कोणी विचारत नाही. स्टार्टअपचा संस्थापक आणि सुरुवातीचा गुंतवणूकदार यांच्यातली बरीचशी कुरबुर या एका प्रश्नातून निघते, आणि तिचं मूळ इथे फार मागे जातं.

१८७४ साली जमशेटजी टाटांनी १५ लाखांच्या भांडवलावर कापडगिरणीची कंपनी नोंदवली. कापूस वऱ्हाडाचा, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे १८६७ पासूनच नागपुरात पोचलेली. जागा तेवढी दलदलीची, जुम्मा तलावाजवळची. ती आधी मातीने भरून काढावी लागली. असं सांगतात की, इथल्या एका सावकाराने तेव्हा पैसे घालायला साफ नकार दिला. सोनं मातीत पुरणाऱ्याला कोण पैसे देणार! १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि पुढे त्याच सावकाराने कबूल केलं म्हणे की या माणसाने माती टाकून सोनं काढलं.

हा किस्सा सांगताना सावकाराला हसण्याची रीत आहे. मला तो मूर्ख वाटत नाही. कर्जाला तारण असतं आणि परतीची तारीख असते. शेअरला दोन्ही नसतं. त्याने आपल्या मापाने मोजलं, एवढंच.

शेअर घेणाऱ्यांचाही अनुभव तेव्हा फार गोड नव्हता. त्या काळच्या मॅनेजिंग एजन्सी पद्धतीत कंपनी काढणाऱ्याची पेढीच कारभार पाही, कमिशन घेई, आणि वाटा थोडा असला तरी लगाम तिच्याच हाती राही. ही पद्धत कायद्याने बंद झाली ती थेट ३ एप्रिल १९७० ला.

अमेरिकेत पारडं उलटं होतं. १९५७ मध्ये बोस्टनच्या एआरडी या गुंतवणूक कंपनीने डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले आणि सुमारे ७० टक्के वाटा घेतला. आज धरमपेठेतल्या कॅफेत कोणी असा प्रस्ताव ठेवला तर पोरं चहा अर्धा टाकून उठतील. पुढे संस्थापकांचं वजन वाढत गेलं. २०१३ च्या अखेरीस वाय कॉम्बिनेटर या, स्टार्टअपमध्ये सुरुवातीचा पैसा घालणाऱ्या अमेरिकी संस्थेने 'सेफ' नावाचा करार आणला: पैसे आज, शेअर गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत, व्याज नाही, मुदतही नाही.

आपल्या कंपनी कायद्यात तो जसाच्या तसा बसत नाही, म्हणून इथले वकील सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर, म्हणजे पुढे साध्या शेअरमध्ये बदलावेच लागतात असे शेअर, वापरतात. त्यात २०१२ चा एंजल टॅक्स. वाजवी मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर विकले, तर वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरून कर. गुंतवणूकदाराने विश्वासाने दिलेल्या चढ्या भावाचा खुलासा संस्थापकाने आयकर खात्याला द्यायचा! जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला.

नागपुरात मात्र पहिला पैसा बहुधा मामाचा असतो. पाच लाख, लग्नाच्या मांडवात कबूल केलेले, कागद नाही. कर्ज की वाटा, हे दोघांनीही बोलायचं टाळलेलं. मुंबईचा गुंतवणूकदार भागधारकांची यादी मागतो तेव्हा मामांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. आणि ते पैसे वाट्याचे धरले, तर कंपनी कायद्याचं कलम ४२ सांगतं की शेअरसाठी घेतलेल्या पैशावर ६० दिवसांत शेअर द्या. नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करा. तेही नाही केलं, तर साठाव्या दिवसानंतर वर्षाला १२ टक्के व्याज लागू.