ओरेगॉनचं बोरिंग: नावामागची खरी गोष्ट

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात बोरिंग नावाची छोटी वस्ती आहे. तिथे काहीच घडत नाही म्हणून हे नाव पडलं, असं सर्रास सांगतात. ते चूक आहे. (बोअरवेलशीही संबंध नाही.) बोरिंग हे आडनाव. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेले विल्यम हॅरिसन बोरिंग १८७४ च्या सुमारास इथे स्थायिक झाले. वस्तीला त्यांचंच नाव मिळालं. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या 'डल' गावाशी तिची जोडी जुळली, ती मात्र इंग्रजी अर्थामुळेच. गावाला स्वतःची नगरपालिका नाही, कारभार क्लॅकमस काउंटीकडे. आणि भूगोल तर विलक्षण: पोर्टलंड परिसरातल्या ऐंशीच्या आसपास लहान ज्वालामुखींच्या समूहाला भूशास्त्रज्ञ 'बोरिंग लाव्हा फील्ड' म्हणतात, याच गावावरून. पोर्टलंड शहरातला माउंट टेबर त्यातलाच.