‘५४ची फ्रेम’: हा आकडा आला कुठून?

पहिली रोड बाइक घ्यायला निघालेल्याला आधी उंची विचारतात आणि मग सांगतात: तुम्हाला ५४ लागेल. हे ५४ सेंटिमीटर कशाचे? फ्रेमला टेप लावून शोधलंत, तर तेवढ्या लांबीची नळी बऱ्याचदा सापडणारच नाही.

१८७०च्या दशकातल्या उंच सायकलींत ही भानगड नव्हती. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेलं असल्यामुळे चाक जितकं मोठं तितका वेग जास्त, आणि चाक किती मोठं घ्यायचं हे पायाच्या लांबीवर ठरायचं. चाकाचा व्यास हेच सायकलचं माप. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली. तिच्या मागच्या चाकाला चेननं गती मिळे, त्यामुळे चाकाचा पायाशी असलेला संबंध सुटला. पुढे चौकटीची फ्रेम रूढ झाली, वरची नळी जमिनीला समांतर ठेवायची पद्धत पडली आणि माप सीट ट्यूबवर, म्हणजे पेडलांपासून सीटकडे जाणाऱ्या नळीवर आलं.

वरची नळी आडवी असेपर्यंत हा एक आकडा बरंच काही सांगत होता. सायकलवर टांग टाकून उभं राहता येईल का, हँडल साधारण किती उंच असेल, दोन्ही त्यावरून कळायचं. घोळ होता तो मोजण्यात. इटालियन कारागीर नळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजत, इतर अनेक जण सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत, आणि इंग्रज इंचांत. एकाच फ्रेमची दोन मापं निघत. जुनी स्टीलची सायकल घेणाऱ्यांना हा घोळ आजही निस्तरावा लागतो.

१९८०च्या दशकात फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्यांचा शिष्य, अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे एक सूत्र लोकप्रिय झालं: पायाची आतली लांबी (जांघेपासून जमिनीपर्यंत) गुणिले ०.६५. म्हणजे ८२ सेंटिमीटर पायाला साधारण ५३ची फ्रेम. यात धड आणि हात कुठेच नाहीत, हे लक्षात घ्या. तरी ते चालून जाई, कारण हँडलची दांडी त्या काळी एक बोल्ट सैल करून वरखाली करता येत असे. पाय आणि धडाचं प्रमाण वेगळं असलेल्यांना मात्र हे सूत्र जाचक होतं. अमेरिकन अभियंता जॉर्जिना टेरी यांनी १९८५ साली स्त्रियांसाठी सायकली बनवायला घेतल्या तेव्हा वरची नळी आखूड केली आणि लहान मापांत पुढचं चाकही छोटं बसवलं. माझ्या मते, सीट ट्यूबपेक्षा हँडलपर्यंतचं अंतर महत्त्वाचं हे इतर अनेकांच्या आधी त्यांना उमगलं होतं.

मग १९९०च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. सायकल-रचनाकार माइक बरोज यांनी जायंट या कंपनीसाठी ‘टीसीआर’ ही रोड बाइक आखली. तिची वरची नळी मागे उतरती होती, फ्रेम हलकी आणि ताठ होती, आणि मापं मोजकीच: लहान, मध्यम, मोठं. उरलेला फरक लांब सीट पोस्ट (सीटखालची दांडी) आणि वेगवेगळ्या लांबीचे स्टेम (हँडल पुढे धरणारा तुकडा) भरून काढणार. (दुकानदारांना माल कमी साठवावा लागतो, हा फायदाही काही छोटा नव्हता.) सीट ट्यूब आखूड झाली आणि जुन्या आकड्याचा आधारच गेला, तरी कंपन्या ‘नळी आडवी असती तर’ असं धरून ५४, ५६ लिहीत राहिल्या. दुसरीकडे, विनाआट्यांचा हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं तो फ्रेममधला सांधा) आला आणि हँडल हवं तेवढं वर ओढायची सोय संपली. म्हणजे आकडा अविश्वसनीय झाला, नेमका तेव्हाच चुकीची फ्रेम सुधारणंही अवघड झालं.

यावरचा उपाय ट्रायथलॉनच्या जगातून आला. ट्रायथलॉनच्या सायकली आखणारे डॅन एम्पफिल्ड यांनी स्टॅक आणि रीच या मापांचा आग्रह धरला, आणि सर्व्हेलोसारख्या कंपन्यांनी ती स्वीकारली. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलांचा आस बसतो त्या जागेच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या सर्वांत पुढच्या नळीच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. सीट ट्यूबचा कोन एका अंशानं बदलला तरी वरच्या नळीचं माप सेंटिमीटरभर फसवू शकतं. या दोन मापांत सीट येतच नाही. मात्र दोन्ही एकत्रच वाचावीत, कारण हँडलखाली १० मिलिमीटरचे स्पेसर (कड्या) घातले की हँडल साधारण ३ मिलिमीटर मागेही येतं.

म्हणूनच शर्यतीची ५४ आणि लांब पल्ल्याची ५४ यांच्या स्टॅकमध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. मित्राची एखादी रोड बाइक अंगाला बरोबर बसत असेल, तर तिच्या फ्रेमवरचा आकडा सोडा. कंपनीच्या तक्त्यातून तिचा स्टॅक आणि रीच उतरवून घ्या, स्टेमची लांबी आणि स्पेसरही मोजा.